अंब्रुशची डावखुरी घोडी

शिंगरू चरायला मान खाली घालतं तेव्हा कुठला पाय पुढे टाकतं, हे अंब्रुश बघत बसायचा. टिसा नदीकाठच्या आमच्या गावात घोडी घरोघरी, पण असलं बघणारा तो एकटाच. डावा पाय पुढे टाकणारं जनावर डाव्या वळणावर सुसाट जातं आणि उजवीकडे अडखळतं, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव. त्याने तो एकाच माणसाला सांगितला होता, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, देनेशला. देनेशची उजवा पाय पुढे टाकणारी घोडीही त्यानेच निवडून दिलेली.

कापणीनंतरच्या शर्यतीत गावाबाहेरच्या बनाला डावीकडे वळत फेऱ्या मारायच्या. अंब्रुशची घोडी फेच्के डावखुरी. तीन वर्षं तीच पहिली आली. चौथ्या वर्षी घोडी रांगेत उभी राहिल्यावर पंचांनी पुकारलं, "यंदा उलट्या फेऱ्या!"

पंचांत देनेश होता, आणि शर्यतीतही त्याची घोडी होतीच.

"दाजी, हे काय?"

"अरे, जुन्या वाटेवर चिखल झालाय."

"पंधरा दिवसांत थेंब नाही पडला. चिखल कुठला?"

"मग नको पळवूस. गाव म्हणेल, घाबरला."

अंब्रुशने पळवली. दुसऱ्याच वळणावर फेच्केची चाल मोडली, ती गुडघ्यावर आली आणि अंब्रुशचं खांद्याचं हाड मोडलं. देनेश पहिला आला.

संध्याकाळी बहीण, मार्गित, कोंबडीचं सूप घेऊन आली.

"चिडू नकोस रे. दरवर्षी तूच जिंकायचास. ह्यांना किती लागायचं ते!"

"ताई, तुला ठाऊक होतं?"

"सूप निवतंय."

"मी काय विचारलं?"

"मागच्या आठवड्यातच ठरलं होतं," ती खाली बघत म्हणाली.

त्याने वाटी तशीच परत दिली.

रविवारी हात गळ्यात बांधून तो चर्चच्या दारात उभा राहिला आणि शिंगराचा पाय कसा बघायचा ते त्याने साऱ्या गावाला सांगून टाकलं. मी तिथेच होतो. आधी लोक हसले, मग एकेक जण कुरणाकडे निघाला.

देनेशने त्याची बाही ओढली. "वेड लागलं का? घरातली गोष्ट चव्हाट्यावर?"

"घरातली राहिलीय कुठे, दाजी?"

फेच्के महिन्याभरात बरी झाली. मार्गित वाटेत भेटली की अंब्रुश टोपीला हात लावतो, परक्या बाईला लावावा तसा, आणि पुढे जातो.