जेथ्रो बिक्सबीची कप्तानी

जेथ्रो बिक्सबी कप्तान झाला तो सफरचंदाच्या दारूच्या जोरावर. ओहायोतल्या मिलफोर्क गावात त्याची खाणावळ होती. दक्षिणेकडच्या राज्यांशी लढाई जुंपली, गावकऱ्यांनी तीन महिन्यांसाठी एक तुकडी उभी केली आणि रिवाजाप्रमाणे हात वर करून कप्तान निवडायचं ठरलं. दुसरा उमेदवार होता सायलस क्रो, गावचा मास्तर. निम्म्या तुकडीने त्याच्या छड्या खाल्लेल्या. जेथ्रोने आदल्या संध्याकाळी पिंप फोडलं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या पाची मुखांना दारूचा वास येत होता, एवढंच. मास्तर दुय्यम झाला.

निघताना म्हातारी आई जेथ्रोला म्हणाली, "कप्तानी गेली चुलीत. लेमला धडधाकट परत आण." लेम म्हणजे जेथ्रोचा धाकटा भाऊ.

छावणीत जेथ्रोचे हुकूम ऐकण्यासारखे असत. "गड्यांनो, जमलं तर जरा रांगेत उभे राहता का?" कधी जमे, कधी नाही. पावसात कवायत नको, उन्हात तर नकोच. शेजारच्या तुकड्या पाय आपटून घामाघूम होत आणि ही मंडळी झाडाखाली पडून आपल्या कप्तानाचे गोडवे गात. जेथ्रोलाही ते गोड लागे. गिऱ्हाईक खूश तर धंदा खूश, हे त्याचं आयुष्यभराचं शहाणपण.

मग एके दिवशी समोरच्या टेकडीवर शत्रूच्या तोफा चढताना दिसल्या.

"कप्तान, आत्ताच्या आत्ता खंदक खणायला हवेत," मास्तर म्हणाला.

जेथ्रोने टेकडीकडे पाहिलं. मास्तर बरोबर बोलत होता. त्याने तुकडीला बोलावलं.

"खड्डे?" लोक खवळले. "आम्ही लढायला आलोय जेथ्रो, बटाटे लावायला नाही!"

"मत घे, मत!" कोणीतरी ओरडलं. "गावात साधा पूल बांधायचा तरी आपण मत घेतो!"

"दादा, गड्यांच्या मनाविरुद्ध काही करायचं नाही, असं तूच म्हणतोस ना?" लेम हसत म्हणाला.

तुकडीची तीन महिन्यांची मुदत संपत आली होती. राहतील त्यांची नवी तुकडी होणार, नवा कप्तान निवडला जाणार, हे जेथ्रोच्या डोक्यात होतंच. त्याने मत घेतलं. खंदकाचा ठराव पडला. विरोधात सगळ्यात उंच हात लेमचा होता.

सकाळी कॉफी उकळत असताना पहिला गोळा आला.

पुढच्या आठवड्यात उरलेले लोक नव्या निवडणुकीला जमले. मेलेल्यांना पुरलं होतं. त्या कामी कुदळी मात्र मत न घेता चालल्या होत्या.

"कप्तान कोण?" मास्तरने विचारलं.

"जेथ्रो! असा मायाळू माणूस मिळायचा नाही!"

भराभर हात वर झाले. लेमनेही केला, डावा. उजवा सर्जनने खांद्यापासून कापला होता. तो अजूनही हसत होता, आणि ते हसू जेथ्रोला बघवेना. आईला काय सांगायचं, हेच त्याच्या मनात घोळत होतं.

"खाली करा हात!" जेथ्रो गरजला. त्याचा असा आवाज कोणी ऐकला नव्हता. "कप्तान मास्तर. आणि कुदळी उचला."

कोणीतरी तोंड उघडलं. "पण मत..."

"हुकूम आहे."

त्याने स्वतः पहिली कुदळ उचलली. त्या दिवशी तुकडी अंधार पडेपर्यंत खणत होती, आणि जेथ्रोशी कोणी एक शब्द बोललं नाही.