दरी न दिसणारं मॉडेल

माझी ताई हवामान खात्यात अंदाज काढते. घरी येते तीच फणफणत. शेजारी म्हणतात, बाई तापट आहे. अहो, तापणार नाही तर काय करेल?

संगणक आभाळाचे चौकोन पाडतो आणि एका चौकोनाला वाऱ्याचा एकच आकडा देतो; या मांडणीला म्हणतात मॉडेल. मोठ्या चौकोनांच्या मॉडेलमध्ये एका चौकोनात आमची अख्खी दरी, दोन्हीकडचे डोंगर, सगळं सपाट होऊन जातं. बारीक चौकोनांच्या मॉडेलला दरी दिसते, पण कधीकधी ते वादळ शेजारच्या दरीत दाखवतं. मग ताईचे साहेब त्याच्या दोन चुका धरतात. दाखवलं तिथं आलं नाही, ही एक; आलं तिथं दाखवलं नाही, ही दुसरी. मोठं मॉडेल वादळ दाखवतच नाही, त्यामुळे त्याची एकच चूक. म्हणून ते हुशार!

"पेपर कोरा ठेवणाऱ्याला जास्त मार्क," ताई ओरडायची. "डोंबल यांचं!"

मी दरीवरच्या नव्या पुलाच्या कामावर क्रेन चालवतो. त्या दिवशी बारीक मॉडेलनं शेजारच्या दरीत सोसाट्याचा वारा दाखवला. ताई साहेबांना म्हणाली, थोडं इकडंतिकडं होतं, दोन्ही दऱ्यांना इशारा द्या.

"मागच्या वेळी तोंडघशी पडलो ना? उगाच कामं बंद पाडायची का?" साहेब म्हणाले. बातमीत गेलं, मंद वारा.

ताईनं मला फोन केला. "आत्ताच्या आत्ता खाली उतर. वाद नको."

मी उतरलो. पलीकडच्या क्रेनवर मामा होते, सगळ्या कामगारांचे मामा. त्यांना वॉकीटॉकीवर सांगितलं तर हसले. "बातमीत मंद वारा आहे रे. तुझी ताई तुला अजून कडेवर घेते वाटतं!"

वारा आमच्याच दरीत घुसला. मामांची क्रेन त्यांच्यासकट आडवी झाली.

मामांचं तेरावं झाल्यावर मामी आमच्या घरी आल्या. "तुम्ही कसे काय उतरलात?" त्यांनी मला विचारलं.

ताईच म्हणाली, "मी सांगितलं. हा माझा भाऊ आहे म्हणून."

"मग बातमीत का नाही सांगितलंत?"

ताईनं चपला घातल्या, मामींचा हात धरला आणि थेट खात्यात नेलं. मी मागोमाग. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले.

"बसा," ताई म्हणाली. "मंद वारा का लिहिलात, ते यांना सांगा. मी इथंच उभी आहे."