चार मात्रांची जागा

समस्त रसिकजनांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मोताळा तालुक्यातील संगीत आज सकाळी साडेनऊ वाजता बंद पडले. तालुक्यातील म्हणजे माझे; पण जाहीर निवेदनात असले तपशील देत नसतात.

त्याचं असं झालं. माझा ढोलकीवाला मित्र गेला त्याला उद्या वर्ष होतंय. वर्षश्राद्धाला भजन नवं हवं आणि चाल माझीच हवी, असं त्याच्या बायकोनं बजावलं होतं. तो गेल्यापासून मी एकही चाल केली नव्हती.

आमचं दोघांचं एक गुपित होतं. अंतऱ्याआधी मी चार मात्रा मोकळ्या सोडायचो; त्या संपल्या की त्याच्या ढोलकीनं यायचं. हा गडी तिसरी संपताच तुटून पडायचा. सांगून थकलो. शेवटी माझ्या सगळ्या चाली मीच एका मात्रेनं कापल्या, आणि लोक म्हणू लागले, "यांच्या चालीत एक झटका असतो बुवा!" ती दाद मी मान लववून खिशात घातली. त्यानं कुणापुढं कधी तोंड उघडलं नाही.

या वेळी मी ठरवलं, त्याला चारही मात्रा द्यायच्या. पेटी काढली, मोबाइलवरचा तबला लावला. तबला दरवेळी नेमका वेळेवर आला. चाल बिनचूक झाली आणि मेली.

"तेच तेच वाजवून राह्यले सकाळपासून," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "शेजारच्यायची म्हैस दूध चोरून राह्यली तुमच्यापायी!"

दुपार कलल्यावर शिवाराकडे निघालो. आमच्या चाली चालतानाच व्हायच्या. मी गुणगुणायचो, तो जेवणाच्या डब्यावर ठेका धरायचा. आता नुसती माझी चप्पल वाजत होती. सोयाबीन निघून गेलेली वावरं काळी पडली होती. धुऱ्याच्या बांधावर माझी एकट्याची सावली, तीही उगाच लांबलेली.

पाय सवयीनं त्याच्याच वावरात शिरले. त्याची बायको कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती.

"झाली काय चाल, भाऊजी?"

"झाली तर!" मी खोटं बोललो.

"म्हणा मंग."

पऱ्हाटीच्या तासात, कापसाच्या दोन ओळींमध्ये उभा राहून, कानावर हात ठेवून, समोर हजार माणसं बसल्यासारखा मी गायलो. अंतऱ्याशी आलो आणि थांबलो. एक, दोन, तीन, चार. चौथी मात्रा संपता संपेना. तुरीतून एक पाखरू उडालं. अंतरा उचलायचा सोडून मी पुन्हा एकपासून मोजू लागलो.

ती बोंडातून कापूस काढतच होती. मान वर न करता, तोंडावर हात जायच्या आत तिच्याकडून निसटलं:

"एवढा वेळ काऊन थांबले, भाऊजी? ते तं नेहमी आधीच घुसत!"