मार्झिपॅन हुसार्सची शेवटची शनिवार संध्याकाळ

नेव्हिल गार्बट याने इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कत्तलखान्यात एकोणचाळीस वर्षं डुकरं कापली. मधले चौदा महिने तो गात होता आणि अडीच वर्षं तुरुंगात होता. लोक त्याला शोधत येतात ते त्या चौदा महिन्यांसाठी. त्याच्या बँडची एकच रेकॉर्ड निघाली. ती निघाली तेव्हा कोणी घेतली नाही, आता शौकीन मंडळी तिच्यासाठी भांडतात.

बँडचं नाव मार्झिपॅन हुसार्स, म्हणजे बदामी मिठाईचे घोडेस्वार. १९७३ साल. दोघे खाणीतले, दोघे कत्तलखान्यातले. शुक्रवारी संध्याकाळी नेव्हिल नखांतलं रक्त ब्रशने घासून काढायचा आणि गालांवर चमकी लावायचा. चंदेरी जाकीट, बहिणीने शिवलेली साटीनची तंग पँट, चार इंच टाचेचे बूट. असल्या वेषात खाणकामगारांच्या क्लबात उभं राहायचं म्हणजे मार खायचाच. गूल गावच्या क्लबात बंदरातल्या एका हमालाने विचारलं, "काय गं राणी, लग्न ठरलं का?" नेव्हिलने गाणं न थांबवता त्याच्या तोंडावर बूट मारला. हमालाचं नाक मोडलं. ड्रम वाजवणाऱ्या कॉलिनचे पुढचे दोन दात त्याच रात्री गेले. पुढच्या आठवड्यात दुप्पट गर्दी आली आणि अर्धी मंडळी रिकाम्या बाटल्या खिशात घालूनच आली.

नेव्हिलला मारामारी नको होती असं नाही. ती त्याला सहज जमायची. पण त्याला कत्तलखाना सोडायचा होता आणि त्यासाठी आवाजाशिवाय त्याच्याजवळ काही नव्हतं.

मार्चमध्ये लंडनच्या एका रेकॉर्ड कंपनीचा फॉसेट नावाचा माणूस ऐकायला यायचा ठरला. जागा थॉर्पवुडचा कामगार क्लब, नेव्हिलच्या स्वतःच्या गावचा. फॉसेटची गाडी चुकली आणि तो पोचला तेव्हा पावणेनऊ झाले होते. पहिला भाग आटोपला होता, बिंगो, म्हणजे आपल्या हाउजीसारखा आकड्यांचा खेळ, सुरू झाला होता. सव्वानऊला त्याला परतीच्या गाडीसाठी निघायचं होतं.

बिंगो चालू असताना त्या क्लबात कोणी ग्लाससुद्धा जोरात ठेवत नसे. कार्यक्रमांचा सचिव होरेस ब्लोर मंचावर बसून आकडे पुकारत होता. अकरा आठवडे कोणाला न लागलेलं बक्षीस त्या दिवशी मोठं झालं होतं. नेव्हिल मंचाच्या कडेला गेला आणि हळूच म्हणाला, "होरेसकाका, लंडनहून माणूस आलाय. दहाच मिनिटं द्या."

ब्लोरने हातातल्या आकड्याच्या चेंडूवरून नजर काढली नाही. "मग त्यालाही कार्ड घेऊन दे."

"त्याची गाडी जाईल."

"राणीसाहेब आल्या तरी डाव पुरा होईपर्यंत थांबतील. खाली बस, पोरा."

नेव्हिल याच क्लबात वाढला होता. त्याची आई हिल्डा दर शनिवारी खिडकीजवळच्या टेबलावर कार्ड घेऊन बसायची, त्या दिवशीही बसली होती. आपण काय करतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने घड्याळ पाहिलं, गिटारवाल्याला खूण केली, माईकची वायर जोडली आणि गायला लागला.

ब्लोरचे ओठ हललेले दिसले, आकडा कोणालाच ऐकू आला नाही. बक्षीस लागायला हिल्डाला एकच आकडा हवा होता. पहिली राखदाणी तिने फेकली. ती नेव्हिलच्या भुवईवर बसली. मग आयव्ही स्टॅनिफोर्थ नावाच्या विधवेने ड्रमवर खुर्ची घातली आणि सगळा हॉल उठला. कॉलिनला केसांना धरून मंचाखाली ओढलं आणि त्याच्या बरगड्या तुडवल्या. गिटारवाल्याचा हात कोणीतरी दारात चेपला. नेव्हिल रक्ताने आंधळा झाला होता, तरी गात होता. ब्लोर वायर उपटायला वाकला. नेव्हिलने माईकचा स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या चेहऱ्यावर मारला. ब्लोरचा डावा डोळा जागीच गेला. त्यानंतर चौघांनी नेव्हिलला धरलं आणि पाचव्याने बिअरच्या जाड ग्लासने त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फॉसेट इस्पितळात आला. दाराशी पोलीस बसला होता. फॉसेटची कॉलर फाटली होती, पण चेहरा खुलला होता. असला कार्यक्रम आपण आयुष्यात पाहिला नाही, असं त्याने सांगितलं आणि कराराचा कागद पलंगावर ठेवला. असं रोज करता येईल का, खोटंखोटं चालेल, एवढंच त्याला विचारायचं होतं.

नेव्हिलचा जबडा तारांनी बांधला होता. त्याने कागदाच्या पाठीवर लिहिलं: गाणं कसं वाटलं?

फॉसेट मनापासून हसला. "गाणं? अरे, ऐकू कुठे आलं?"

नेव्हिलने सही केली. पण न्यायालयाने चार वर्षं सुनावली तेव्हा कंपनीने करार रद्द केला. क्लबातल्या त्या रात्रीआधी बँडने स्वतःच ध्वनिमुद्रित केलेली दोन गाणी तेवढी बाजारात आली. थॉर्पवुड क्लबाने त्याला जन्मभरासाठी काढून टाकलं. एका क्लबाने काढलं की देशातला दुसरा कुठलाही कामगार क्लब दारात उभं करत नाही. हिल्डा तुरुंगात एकदाही भेटायला गेली नाही.

चांगल्या वागणुकीमुळे अडीच वर्षांनीच तो सुटला. शिक्षा झालेल्या माणसाला कोणी काम देईना. एका सोमवारी सकाळी सहाला तो कत्तलखान्यात जाऊन उभा राहिला. जबडा वाकडा जुळला होता, शब्द एका कडेने यायचे. मुकादमाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अजून गातोस का?"

नेव्हिलने मान हलवली, नाही म्हणून.

"मग ये आत," मुकादम म्हणाला आणि त्याच्या हातात सुरा दिला.