तिच्या नावावरची उत्तरं

माझं घर लातूरला, नोकरी कंधार तालुक्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. नवरा आणि लेक लातूरला, मी इथं खोली करून. बदलीचा अर्ज दिलेला होता, म्हणून साहेब लोकांच्या नजरेत वाईट दिसायचं नव्हतं.

त्या वर्षी सातवीचा वर्ग माझ्याकडे होता आणि राज्याच्या ऑनलाइन चाचण्या सुरू झाल्या होत्या. मी गणित कमी आणि टॅबवर पर्याय कसा निवडायचा हेच जास्त शिकवू लागले. कुणी धड्यातलं काही विचारलं की मी म्हणायचे, "हे चाचणीत येणार नाही." म्हणताना माझाच आवाज मला परका वाटायचा.

वर्गात एक मुलगी होती. आई-वडील अर्धापूरला केळीच्या बागेत कामाला, ती इथं मामाकडे. वाचन झकास, पण भागाकार येत नव्हता. येत नाही हे ती सरळ सांगायची.

पहिल्या चाचणीला नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा तिचे अर्धे प्रश्न बाकी होते आणि मिनिटं मोजकी उरली होती. मुख्याध्यापक दारात येऊन म्हणाले, "मॅडम, वेळ संपायलीय. तुमीच भरून टाका. निकाल पडला तर दोघांनाबी जाब द्यावा लागंल."

मी तिच्या हातातून टॅब घेतला आणि भराभर उत्तरं दाबली. ती शेजारी उभी राहून बघत होती.

निकालात ती 'प्रगत' गटात आली. कच्च्या मुलांसाठी शेवटचा जादा तास असायचा, त्याची यादी निकाल पाहून वरच्या कार्यालयातूनच यायची. त्यात तिचं नाव नव्हतं. ती माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, माझं नाव राहिलं."

"तू प्रगतमध्ये आहेस."

"पर मला भागाकार येतच न्हाई. ती उत्तरं तुमी दिली की."

रागानं नाही, वहीतली चूक दाखवावी तसं म्हणाली.

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, "नाव घालता येतं. पर आपण काय केलं ते लिहून द्यावं लागंल. देता का?"

मला लातूरचा अर्ज आठवला. मी काही लिहून न देताच वर्गात परतले.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी तिला घेऊन बसू लागले. दिवाळीच्या सुट्टीआधी तिला भागाकार यायला लागला. पुढच्या चाचणीला नेटवर्क पुन्हा गेलं, मुख्याध्यापक पुन्हा दारात आले. या वेळी मी टॅबला हात लावला नाही. वेळ संपली, तिचा पेपर अर्धाच गेला, आणि 'प्रगत'मधली मुलगी कच्च्यात कशी गेली, म्हणून आठवड्याभरात वरून माझ्याकडे खुलासा मागितला गेला.

तीनदा लिहिला, तीनदा फाडला. शेवटी लिहिलं, नेटवर्क नव्हतं. ते खरंच होतं. पहिल्या चाचणीबद्दल मात्र एक अक्षर लिहिलं नाही. बदली झाली नाही ती नाहीच.

नवीन यादी लागली तेव्हा ती पळत आली. "मॅडम, आलं माझं नाव!"

आता तिला त्या तासाची गरज नव्हती. तरी ती रोज जाऊन बसायची, दोघा-तिघांना भागाकारातली बाकी कुठं लिहायची ते दाखवायची. आणि शेजारच्या खोलीत मी पुढच्या चाचणीचे नमुना प्रश्न फळ्यावर उतरवत असायचे.