सकाळी खाली, संध्याकाळी वर

टाकीताई बावीस वर्षं एकाच टाकीवर होत्या. व्हॉल्व्ह फिरवायचे, सकाळ-संध्याकाळ टाकीच्या बाहेरच्या पट्टीवर काटा कुठे आहे ते वहीत लिहायचं. बास.

टाकी एक्कावन्न वर्षांची. ती उभी राहिली तेव्हा उपनगर म्हणजे चार गल्ल्या आणि मोकळा माळ. तिचे लाकडी साचे ताईंच्या वडिलांनी ठोकले होते. ते सुतार. टाकीचा तळ सपाट का नाही, हे त्यांनी लेकीला दोन वाक्यांत शिकवलं होतं. बाहेरचा उतार भार आत ढकलतो, मधला घुमट बाहेर ढकलतो. सासूसुनेची ओढाताण बरोबरीची झाली की घर टिकतं, तसं त्या दोघांमधलं गोल कडं निवांत राहतं. आणि टाकी उंच कशाला? तर एकदा पाणी वर चढवलं की घरोघरी ते आपल्या पायांनी जातं.

मंगळवारी फाटकावर नोटीस लागली. टाकी गळकी ठरली होती. सोमवारी पाडणार होते. ताईंची बदली मीटर वाचायला.

समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "हिंडा आता दारोदार. तेवढंच वजन उतरेल."

"टाकी कुठे जात नाही," ताई म्हणाल्या. "माझं वजन सोडा, तुमच्या इस्त्रीखाली शर्ट जळतोय."

त्यांनी ऑफिसात फोन करून साहेबांना बोलावून घेतलं. शुक्रवारी सकाळी सातला नवे इंजिनिअरसाहेब आले. तरुण, घाईतले. त्यांनी ताईंच्याच वह्या पुढे ठेवल्या. वर्षभर रोज एकच नोंद: सकाळी खाली, संध्याकाळी वर. म्हणजे संध्याकाळी भरलेली टाकी रात्रीत गळून रिकामी होते, असं साहेबांचं म्हणणं.

ताई वहीकडे बघत राहिल्या. मग त्यांना हसू आलं.

"साहेब, रोज रात्री पाच लाख लिटर गळतं आणि सकाळी माझी चप्पल कोरडी?"

ताई शिडीकडे निघाल्या. छप्पन्न वर्षांची बाई भराभर चढत गेली. साहेब मागून धापा टाकत आले. ताईंनी झाकण उचललं. पाणी काठाच्या वीतभर खाली होतं. साहेबांनी हात बुडवून पाहिला, डोळ्यांवर विश्वास नसल्यासारखं.

मग त्यांनी वाकून टाकीच्या बाहेरची पट्टी पाहिली. काटा पार तळाशी.

ताईंनी समजावलं. आत तरंगता डबा. त्याची दोरी कप्पीवरून बाहेर येते, टोकाला काटा. पाणी चढलं की डबा चढतो आणि काटा उतरतो. काटा खाली म्हणजे टाकी भरलेली. रात्री पंप ती भरतो, दिवसभरात घरं ती रिकामी करतात.

"मग 'भरली' असं का नाही लिहिलंत?"

"रकाना काट्याचा आहे. पाण्याचा नाही."

ताईंनी पुढे स्वतःहून कबूल केलं. ऑफिसातल्या जुन्या कारकुनाला हे ठाऊक होतं, म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे असं त्या धरून चालल्या. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला तेव्हा सांगायला हवं होतं. तेवढं त्यांचं चुकलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं. नोटीस रद्द, असं तिथेच लिहिणार होते. ताईंनी थांबवलं.

"नुसतं पाणी पाहून सही करू नका. गळते की नाही, ते कडं सांगेल."

दोघं उतरून टाकीच्या पोटाखाली आले. शिडी सरकवत साहेबांनी कड्याला सगळीकडे हात लावून पाहिला. तासभर लागला. ताई खालून शिडी धरून होत्या आणि अधूनमधून सांगत होत्या, इथला सांधा बघा, आता तिथला. हात कोरडा राहिला. काँक्रीटवर लाकडाच्या फळ्यांचे वण अजून उमटलेले होते. साहेबांनी विचारलं, साचे कोणाचे? ताईंनी सांगितलं. मग साहेबांनी सही केली.

सोमवारी पाडणारी माणसं तरीही आली. त्यांना कोणी कळवलंच नव्हतं. ताईंनी फाटकातच कागद दाखवला. मुकादमाने तो दोनदा वाचला, कपाळाला हात लावला आणि प्यायला पाणी मागितलं. ताईंनी त्याला नळ दाखवला. त्याने तोटी फिरवली आणि सदरा भिजवून घेतला.

"दाब जोरात आहे हो," तो म्हणाला.

"असणारच," ताई म्हणाल्या, आणि व्हॉल्व्ह फिरवायला गेल्या.