पलंगाचं यथार्थदर्शन

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल मी तोंड उघडलं की आई डोळे वटारते. जावई ना तो! पण तिटकारा काही नातं विचारून येत नाही. आला की आला.

भावोजी मूळचे पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. हात चांगला होता, हे मीसुद्धा नाकारणार नाही. अक्षरं पाटीतून दोन बोटं पुढे आल्यासारखी दिसायची. युक्ती एवढीच, की प्रत्येक अक्षराला उजवीकडे खाली काळी सावली द्यायची. मग छापील फ्लेक्स आले आणि भावोजींचे ब्रश डब्यात वाळून कडक झाले. ते घरी बसले, म्हणजे खरोखर बसलेच. ताई शिलाईच्या मशीनवर घर ओढत होती आणि हे खिडकीत बसून समोरच्या फ्लेक्सला नावं ठेवत होते.

घर दीड खोलीचं. भावोजींची आई स्वयंपाकघरात झोपायची, ओटा आणि फ्रीज यांच्या मधे. तिचे गुडघे गेलेले, जमिनीवरून उठता येत नव्हतं, म्हणून तिथे लोखंडी पलंग टाकला होता. त्या पलंगापायी फ्रीजचं दार अर्धंच उघडायचं. फोडणीचा वास म्हातारीच्या पांघरुणात मुरलेला. ताईला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: सासूबाईंचा पलंग मावेल अशी एक खोली. "बाईमाणसाला दार लावून कपडे तरी बदलता आले पाहिजेत गं," म्हणायची.

कोणीतरी तिला सांगितलं, की बिल्डर लोकांना न बांधलेल्या घरांची आतली चित्रं काढणारा माणूस लागतो. फक्त त्याला कागदावर खोली खोल दाखवता आली पाहिजे. ताईने भावोजींना हाताला धरून संध्याकाळच्या वर्गात घातलं. शिकवणारे मास्तर म्हणजे एक निवृत्त ड्राफ्ट्समन. विषयाचं नाव यथार्थदर्शन, म्हणजे इंग्रजीतलं पर्स्पेक्टिव्ह. जे जसं आहे तसं दिसणं. केवढा सोज्वळ शब्द!

पहिल्या दिवशी मास्तरांनी खुर्ची काढायला सांगितली. भावोजींनी काढली आणि सवयीने तिला उजवीकडे खाली काळी सावली दिली. चारही पाय सारख्या लांबीचे, कारण खुर्चीचे पाय सारखेच असतात. मास्तर म्हणाले, "ही खुर्ची काढलीय की खुर्चीची पाटी?" वर्ग हसला. भावोजी आठवडाभर फुगून बसले, पण गेले परत.

मग घरात नुसता वैताग. खिडकीच्या कडीपासून पलंगाच्या पायापर्यंत दोरे ताणलेले, ताई शिवणाचे कपडे घेऊन त्यांत अडकतेय, आणि हे फरशीवर आडवे पडून एक डोळा मिटून तिलाच ओरडतायत, "हलू नकोस, डोळ्याची रेघ चुकते!" एकदा मी गेले तर मला ओढत बाहेर जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये नेलं. "ही सगळी दारं एकाच उंचीची ना? मग ते शेवटचं एवढंसं का दिसतं? बघ, सगळ्या रेघा तिथे लांब एका टिंबात जाऊन मिळतात. इतकी वर्षं मी इथून चाललो आणि मला दिसलंच नाही!" लहान पोराला दात पडल्यावर होतो तसा आनंद चेहऱ्यावर. तेव्हा मला ते मनापासून आवडले होते. तेवढंच एकदा.

एका बिल्डरकडे नोकरी लागली. पहिल्याच चित्रात त्यांनी नकाशातल्या मापाबरहुकूम लहान बेडरूम काढली. त्यात पलंग टाकला, तो भिंतीपासून थेट दारापर्यंत आला. खिडकीपाशी एक बाई उभी केली. मालकाने बघितलं आणि म्हणाला, "ही खोली आहे की पलंगाचं खोकं? पलंग लहान करा. आणि ती बाई पुसा. माणूस दिसला की खोलीचं माप कळतं." भावोजींनी पलंग आखूड केला, बाई पुसली. हे कोणी सांगितलं? त्यांनीच. माझ्या घरी, माझा चहा पीत, चवीचवीने. "पण रेघा सगळ्या टिंबाला मिळतात हं," म्हणाले. "कोणीही पट्टी लावून बघावी. चूक काढून दाखवा म्हणावं." मला शिसारी आली. त्यांनी बिस्कीट बुडवून खाल्लं.

पुढे ताईने त्या चित्रातल्याच इमारतीत घर घ्यायचं काढलं. इमारत कसली, नुसता खड्डा होता. पण मालकाच्या ऑफिसात भावोजींचं ते चित्र फ्रेम करून लावलेलं होतं. लहान खोली, पडद्यातून येणारं ऊन, भिंतीशी पलंग आणि तरीही बाजूला फिरायला ऐसपैस जागा. मी ताईला स्पष्ट सांगितलं, की पलंग आखूड केलाय, मला त्यांनीच सांगितलंय. ती माझ्यावरच उखडली. "लोकांच्या खोल्यांचं मला माहीत नाही. स्वतःच्या आईच्या खोलीत कोणी असं करतं का?"

तरी माझ्यासमोर, मालकासमोर तिने विचारलं, "अहो, आईंचा पलंग मावेल ना?"

भावोजींनी चित्राकडे बघितलं, मग मालकाकडे. म्हणाले, "चित्रात आहे की."

ताईने सही केली.

किल्ली मिळाली त्या दिवशी हमालांनी तो लोखंडी पलंग वर चढवला. तिरका केला, उभा केला, शेवटी आडवा टाकला. पलंगाचं एक टोक भिंतीला टेकलं आणि दुसरं दाराबाहेर आलं. दार उघडंच. हमाल एकमेकांकडे बघून हसले. ताई नवऱ्याकडे बघत राहिली. आणि हा माणूस, हात मागे बांधून, म्हणतो काय? "चित्रात चूक नाहीये. पलंगच मोठा आहे."

मला वाटलं, लाज वाटेल, मालकाशी भांडतील, निदान मान खाली घालतील. कसलं काय! दुसऱ्या दिवशी पलंग टेम्पोत घालून वेल्डिंगवाल्याकडे नेला. मधला तुकडा कापून काढला, दोन्ही टोकं जोडली, जोडावर रंगाचा हात मारला. गादीही कापून आणली. मग आम्हाला बोलावून घेतलं. पलंग भिंतीला लागून, बाजूला फिरायला जागा, पडद्यातून ऊन. हुबेहूब.

म्हातारीला आम्ही दोघींनी धरून बसवलं. ती आडवी झाली आणि पाय बाहेर आले. तिने ते मुकाट्याने वर घेतले. दुखरे गुडघे पोटाशी दुमडताना तोंडातून कण्हणं निघालं, ते तिने खोकल्यात लपवलं. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. म्हातारी म्हणाली, "असू दे गं. मी अंग चोरून झोपेन. तिकडे स्वयंपाकघरात तरी कुठे पाय पसरले होते?" मग लेकाला विचारलं, "दार लागतं ना रे आता?"

"लागतं म्हणजे!" भावोजी म्हणाले. आम्हाला दोघींना बाहेर काढलं आणि म्हातारीवर दार लावून दाखवलं.